बिऱ्हाडाची सुट्टी

दिवसाला माणशी चार बादल्या पाणी. अंघोळ, स्वयंपाक, भांडी, कपडे, सगळं त्यातच. अंदमानातल्या शहीद द्वीपावर घराची किल्ली हातात ठेवताना घरमालकीण दीदींनी आधी हे सांगितलं. भाडं, गॅसची टाकी, आधारकार्डाची झेरॉक्स हे सगळं त्यानंतर. माझ्या मुलाचा चेहरा उतरला. आईने मात्र उभ्या उभ्या हिशेब केला. पाच माणसं, वीस बादल्या, पंधरा लिटरची बादली धरली तर तीनशे लिटर. "लई झालं की," ती म्हणाली. "सोळा साली आपल्याकडं एवढं कुठं होतं?"

सोळा साल म्हणजे २०१६. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती. माणशी दीड लिटरसुद्धा येत नव्हतं. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. पण त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती, हे आमच्यापैकी कुणी विसरलेलं नाही. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. माझी आई तेव्हा रात्री दोनला उठून घागरी रांगेत लावायची.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. तरी लहान बेटावर सुट्टी कशी घालवावी या प्रश्नावर आम्हाला बोलायचा अधिकार आहे असं मी मानते, कारण तो प्रश्न मुळात पाण्याचा आहे आणि पाणी मोजून वापरायचं म्हणजे काय हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलेलो नाही. माझं म्हणणं सरळ आहे. लहान बेटावर जायचं तर बिऱ्हाड करून जावं. आणि सरकारनेही अशा बेटांवर रिसॉर्टांना जागा देण्याऐवजी तिथल्या माणसांच्या घरातल्या बिऱ्हाडांना वाट करून द्यावी, तीही बेटाच्या पाण्याच्या मापात.

बिऱ्हाड हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. जाहिरातीत त्याला होमस्टे म्हणतात, किचनसह अपार्टमेंट म्हणतात. आपल्याकडे ही गोष्ट जुनी आहे. येरमाळ्याच्या यात्रेला चैत्रात माणसं शिधा बांधून निघतात, रानात तीन दगडांची चूल मांडतात, तिथेच पुरण शिजतं. तुळजापूरला पुजाऱ्याच्या घरी उतरायचं आणि नैवेद्याचा स्वयंपाक तिथेच करायचा, हे माझ्या आजीपासून चालत आलं. परगावी गेल्यावर चार दिवस तिथल्यासारखं राहायचं, बाजार करायचा, शेजारणीकडून विरजण मागायचं. हॉटेलात उतरणं ही आपल्याकडची त्यामानाने फार अलीकडची सवय.

शहीद द्वीप म्हणजे पूर्वीचं नील. १८५७चा उठाव निर्दयपणे चिरडणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव त्याला होतं, ते डिसेंबर २०१८मध्ये बदललं. तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजय पुरमहून, बोटीने दोनेक तासांचा प्रवास. वस्ती जेमतेम तीन हजारांच्या घरात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे जमिनी देऊन वसवलं. त्यांनी गावांना नावं दिली भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, रामनगर. त्यांच्या कष्टाने हे बेट अंदमानची भाजीची पाटी झालं. श्री विजय पुरमच्या मंडईत भाजी इथून जाते.

आम्ही मुलांच्या परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या शेवटी गेलो. आठ दिवस. बघण्यासारखं म्हणाल तर एका दिवसात सायकलने सगळं बेट पालथं घालून होतं. उरलेले सात दिवस आम्ही तिथे राहिलो. पहाटे पाचला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला दिवस मावळतो, त्यामुळे दोन दिवसांतच आमचं घड्याळ गावच्यासारखं झालं. सकाळी ओहोटी असली की लेक गुडघाभर पाण्यात उतरून प्रवाळाच्या कडेचे मासे बघत बसायची. नवरा बाजारातून वांगी, लाल माठ, भोपळा, केळी आणायचा. मायाळूला तिथे पुई म्हणतात, ती भाजी आम्ही तीनदा केली. लातूरहून पाच किलो ज्वारीचं पीठ, येसर, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. ओल्या नारळाचं वाटण घालून येसराची आमटी लागते चांगली, एवढं या प्रवासाने मला दिलं.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. आई तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात साठवून मागच्या दारच्या वांग्यांना घालत होती. मुलगा नळाखाली नुसताच हात धरून उभा, तर त्याला ओरडली, "पाणी कामून वाया घालायलास?" दीदी आपल्या दारातून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. दुपारी आल्या आणि आईला हाताला धरून विहिरीकडे घेऊन गेल्या. आईची दखनी वळणाची हिंदी आणि त्यांची बंगाली वळणाची, तरी दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. विहीर सिमेंटच्या कड्यांची, फार खोल नाही. आत वाकून पाहिलं तर एका बाजूला निळ्या तैलरंगाने रेघा मारलेल्या, एकीखाली एक. वरची ऑक्टोबरची. मग जानेवारी, मार्च. सगळ्यात खालची मेची. पाणी मेच्या रेघेपासून हातभर वर होतं.

दीदींच्या घराला आणखी दोन खोल्या काढता येतील एवढी जागा आहे. दलाल दरवर्षी येऊन कर्ज मिळवून देतो म्हणतो. त्या नाही म्हणतात. "मई महीने में हम क्या पिएँगे?" एवढंच त्यांनी सांगितलं. पर्यटनावर मी बरंच वाचलं आहे, पण धोरण म्हणून इतकं नेमकं वाक्य मला कुठल्या अहवालात सापडलेलं नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे पटकन पटणार नाही, कारण अंदमानात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यात सातशेच्या आसपास. चौपट पाऊस पडूनही उन्हाळ्यात तिथे पाण्याची टंचाई असते, राजधानीच्या शहरातही पाणी पाळीने सोडावं लागतं. कारण साधं आहे. बेट लहान, उतार समुद्राकडे, मोठी नदी नाही, मोठं धरण बांधायला जागा नाही. पडलेलं पाणी काही तासांत समुद्राला मिळतं. फेब्रुवारी ते एप्रिल पाऊस जवळपास नसतोच, आणि पर्यटकांची गर्दी नेमकी कोरड्या दिवसांतच होते, कारण समुद्र तेव्हा शांत असतो. पाऊस किती पडला यापेक्षा तो किती टिकला हे महत्त्वाचं, हे आम्हाला पाणलोटाच्या प्रत्येक सभेत सांगितलं जातं. बेटावर ते डोळ्यांनी दिसतं.

प्रवाळाच्या बेटांची गोष्ट याहून नाजूक. लक्षद्वीपची सगळी मिळून जमीन आहे ३२ चौरस किलोमीटर. छत्तीस बेटांपैकी दहांवर वस्ती, आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या वर. तिथलं गोडं पाणी म्हणजे जमिनीत मुरलेल्या पावसाचा एक पातळ थर. तो खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, कारण गोडं पाणी हलकं. वरून मोटर लावून जोराने उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं. आपली बोअर आटली की निदान ती आटली एवढंच दुःख असतं. तिथे विहीर भरलेली दिसते आणि पाणी तोंडात धरवत नाही, आणि ते पुन्हा गोडं व्हायला कितीतरी पावसाळे जावे लागतात. म्हणून कवरत्तीला २००५मध्ये समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभारावा लागला, रोज एक लाख लिटरचा. लाख लिटर म्हणजे आपले दहा हजार लिटरचे दहा टँकर.

आता या मापाला रिसॉर्ट लावून बघा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असा एक बेताचा पोहण्याचा तलाव धरला तर त्यात पंचाहत्तर हजार लिटर पाणी मावतं. जलजीवन मिशनने गावातल्या माणसासाठी दिवसाला पंचावन्न लिटरचं माप ठरवलं आहे. त्या मापाने हे तेराशेहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. आणि तलाव कुठे आहे, तर चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर! शिवाय रोज बदलायच्या चादरी, टॉवेल, हिरवळीवरचे फवारे. पाहुण्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याने नळ सोडला की पाणी येतं. तो वाईट माणूस असतो असं मी म्हणत नाही. त्याला विहिरीची रेघ दाखवणारं कुणी भेटत नाही, एवढंच.

बिऱ्हाडात ती दिसते. ज्या घरात तुम्ही तांदूळ धुता त्या घराचं पाणी कुठून येतं हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळतं. माझा सगळा युक्तिवाद यावरच उभा आहे. स्वतः रांधणाऱ्याला बेटाची मर्यादा समजते, कारण ती त्याच्या चुलीपर्यंत आलेली असते. भाजी संपली की संपली. दोन दिवस बोट आली नाही तर टोमॅटो नाही. आठ दिवसांचा आमचा ओला कचरा वांग्यांच्या खड्ड्यात गेला आणि प्लास्टिकची एक पिशवी भरली, ती आम्ही परत बोटीतून आणली. कारण दीदींनी विचारलं होतं की तुम्ही ठेवून गेलात तर मी ती कुठे टाकू? मालदीवमध्ये कचऱ्यासाठी थिलाफुशी नावाचं एक अख्खं बेटच भराव घालून तयार झालं.

मालदीवचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बघण्यासारखं आहे. तिथे पहिलं रिसॉर्ट १९७२ साली सुरू झालं आणि पुढे बराच काळ एक बेट एक रिसॉर्ट अशीच रीत राहिली. पाहुणे एका बेटावर, तिथली माणसं दुसऱ्या. स्थानिक माणसाला पर्यटनात जागा होती ती बहुतेक नोकर म्हणून. २००९च्या सुमारास धोरण बदललं आणि वस्तीच्या बेटांवर साध्या माणसांना आपल्या घरात पाहुणे ठेवता येऊ लागले. मच्छीमाराच्या घरात पैसा थेट आला. ही फार मोठी गोष्ट होती. पण पुढे माफुशीसारख्या बेटावर घरांच्या जागी मजल्यांवर मजले चढले, आणि अतिथिगृहांची गल्लीच्या गल्ली झाली. म्हणजे नुसतं घरात राहा म्हणून भागत नाही. किती घरं, किती खाटा, याला माप हवंच.

आणि समुद्राचं पाणी गोडं करून सगळं सुटेल असं म्हणणाऱ्यांनी डिसेंबर २०१४ आठवावा. मालदीवची राजधानी माले इथल्या समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि लाखभर माणसांच्या शहरात नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं. त्यानंतर दीड वर्षाच्या आत लातूरला रेल्वेने पाणी आलं. एका ठिकाणी चारी बाजूंनी समुद्र, दुसऱ्या ठिकाणी चारी बाजूंनी कोरडं रान, पण बाहेरून पाण्याची वाट बघणारा माणूस दोन्हीकडे एकच.

जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले आणि आपल्या ओळखीपाळखीतल्या सगळ्यांना एकदम बेटं आठवली. मालदीव नको, लक्षद्वीपला चला, असा सूर लागला. देशातल्या बेटावर जावं हे मला मान्यच आहे. पण चला म्हणताना किती जणांनी चला, हे कुणी विचारत नव्हतं. नीती आयोगाच्या बेटविकासाच्या योजनेत तर याच शहीद द्वीपाचं नाव आहे, खासगी भागीदारीतून रिसॉर्ट उभारण्यासाठी. रोजगार मिळेल हे त्यामागचं मुख्य कारण सांगितलं जातं, आणि ते खोटं नाही. बेटावरच्या मुलांना काम हवं आहे, दीदींचा धाकटा मुलगा स्वतः चेन्नईत नोकरी करतो. प्रश्न एवढाच की काम कसलं आणि पैसा राहतो कुठे. आम्ही आठ दिवसांत जे खर्च केलं ते घरभाडं, भाजीवाली, मासळीवाला, नारळवाला, सायकलींचं भाडं आणि काचेच्या तळाची बोट चालवणारा मुलगा यांच्यात वाटलं गेलं. तो पैसा त्याच बाजारात पुन्हा फिरला. पॅकेजचे पैसे मुंबईच्या किंवा दिल्लीच्या खात्यात आधीच भरलेले असतात, आणि जेवणाचं सामानही बरंचसं जहाजाने मुख्य भूमीवरून आलेलं असतं. बेटाच्या वाट्याला पगार येतो आणि सांडपाणी येतं.

आता एक आक्षेप, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझ्या मैत्रिणीने तो निघण्यापूर्वीच घेतला होता. "म्हणजे सुट्टीतही आपणच रांधायचं? मग घरी काय वाईट होतं?" तिचं बरोबर आहे. वर्षभर चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईला आठ दिवस आयतं ताट मिळावं यात चूक काहीच नाही, आणि पर्यावरणाच्या नावाने ते तिच्याकडून काढून घेणं अन्याय होईल. आमच्याकडेही पहिले दोन दिवस मीच स्वयंपाक केला आणि दुसऱ्या रात्री मी रडले. नवऱ्याला कारण सांगावं लागलं. तिसऱ्या दिवसापासून आम्ही पाळ्या लावल्या. नवरा आणि मुलगा मिळून एक वेळ, मी आणि लेक दुसरी वेळ, आणि दोन्ही वेळेला एकच पातेलं. खिचडी, पिठलं-भात, मासळीचं कालवण. मुलाने सुरमईचे तुकडे मोहरीच्या वाटणात कसे घालायचे ते दीदींकडून शिकून घेतलं. लातूरच्या घरात दहा वर्षं जे जमलं नव्हतं ते त्या परक्या स्वयंपाकघरात झालं, कारण तिथे मिठाचा डबा कुठे आहे हे मलाही ठाऊक नव्हतं आणि त्यालाही. बायकांनी रांधायचं असेल तर बिऱ्हाडाची सुट्टी करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातल्या पुरुषांना आधी विचारावं आणि मग तिकिटं काढावीत.

रिसॉर्टातल्या आयत्या ताटामागेही एक बाई उभी असते, हेही सांगायला हवं. दिवसाला कितीएक खोल्यांच्या चादरी बदलून संध्याकाळी आपल्या घरी जाऊन ती घागर घेऊन रांगेत उभी राहते. २०१६मध्ये आम्ही टँकरची वाट बघत असताना मद्याच्या कारखान्यांना पाणी चालू होतं. औरंगाबाद खंडपीठाला त्यात कपात करायला सांगावं लागलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात आयपीएलचे पुढचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. आधी माणसाची घागर भरायची, मग बाकीचं, ही गोष्ट कोर्टाकडून ऐकावी लागली. बेटावरच्या बाईला त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागू नये.

मागणी अवघड नाही. प्रत्येक लहान बेटावर एप्रिल-मेमध्ये पाणी किती उरतं हे मोजावं, त्यातून तिथल्या माणसांचं पंचावन्न लिटरचं माप आधी बाजूला काढावं, आणि उरेल तेवढ्याच खाटांना परवाना द्यावा. परवाना त्यालाच, जो त्या घरात राहतो. छताचं पाणी टाकीत उतरवल्याशिवाय परवाना नाही. लक्षद्वीपला जायला आजही प्रवेशपत्र लागतं, म्हणजे माणसं मोजायची सोय आपल्याकडे आधीपासून आहे. ती सैल करायच्या गप्पा होतात तेव्हा मला दीदींच्या विहिरीतली ती सगळ्यात खालची रेघ आठवते.

निघताना आईने उरलेलं ज्वारीचं पीठ दीदींना दिलं आणि भाकरी थापायची कशी हे दोनदा दाखवलं. त्यांना वेरूळ बघायचं आहे. कैलास लेणं एकाच खडकातून वरून खाली कोरलं आहे, हे माझ्या लेकीने त्यांना चित्र काढून सांगितलं होतं. येत्या हिवाळ्यात त्या, त्यांचे यजमान आणि सासू असे तिघे आठ दिवस यायचं म्हणतात, सासूबाईंना बाहेरचं जेवण चालत नाही. म्हणून वेरूळ-खुलताबादकडे चूल असलेलं एखादं घर मी गेले दोन महिने शोधते आहे. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, त्यामुळे सहज मिळेल असं वाटलं होतं. खोल्या खूप मिळाल्या, नाश्त्यासह मिळाल्या. स्वयंपाकघर वापरू द्यायला तयार झालेलं एकही घर अजून सापडलेलं नाही. परवा दीदींचा फोन आला. घराचं काय झालं हे त्यांनी विचारलंच नाही. तुमच्याकडे आम्हाला माणशी किती बादल्या, हे आधी विचारलं. नळ किती दिवसांनी येतो ते मी खरं सांगितलं.